विश्लेषण : दोन फुटांच्या टाकीत ‘नेमो’ जगेल का? घरातल्या खाऱ्या पाण्यासाठी कोणते मासे निवडावेत?

रत्नागिरीत झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रातील मत्स्यालय सहलीच्या यादीत असतेच. देवमाशाचा सांगाडा पाहायचा, काचेमागचे रंगीत मासे पाहायचे आणि बाहेर पडताना मुलांनी हट्ट धरायचा, ‘आपल्या घरी पण असाच टँक हवा.’ गप्पी, मोली, गोल्डफिश यांचा गोड्या पाण्याचा टँक आता कुणाला नवलाचा वाटत नाही. मोह होतो तो खाऱ्या पाण्याच्या छोट्या टाकीचा. हौशी मंडळी तिला ‘नॅनो टँक’ म्हणतात आणि मोबाइलवरच्या रील्समध्ये ती फारच देखणी दिसते. रत्नागिरीकराला तर वाटते, समुद्र दारात आहे, पाणी फुकट, मासेही फुकट, मग अडचण कसली?

अडचण नेमकी तीच आहे. समुद्र जवळ असल्याने टाकी सांभाळणे सोपे होत नाही, चुकीचा जीव घरी आणणे मात्र सोपे होते. कोणता मासा सुंदर दिसतो यावरून निवड केली की बहुतेक वेळा मासा मरतो आणि कधी कधी कायदाही मोडतो. निवड करायची ती तीन गोष्टींवरून : टाकीत प्रत्यक्ष पाणी किती लिटर आहे, तो मासा जन्मला कुठे आणि वीज गेल्यावर तो किती तास तग धरेल.

लहान टाकी सोपी असते, हे खरे का?

नाही. नवशिके लहान टाकीपासून सुरुवात करतात कारण ती स्वस्त असते आणि टीपॉयवर मावते. पण खाऱ्या पाण्यात हिशेब उलटा आहे. टाकी जितकी लहान तितकी चूक महाग.

आकडे पाहू. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी टाकी म्हणजे दोन घनफूट, साधारण ५६ लिटर. वरची थोडी जागा मोकळी सोडा, तळाची वाळू आणि दगड वजा करा, हाती उरते ४५ लिटरच्या आसपास पाणी. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे या टाकीत दीड किलोहून थोडे जास्त मीठ. आता पंख्याखाली आणि दिव्याखाली पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. चार लिटर पाणी उडाले की क्षारता ३५ वरून ३८ च्या पुढे जाते. समुद्रात एवढा बदल सहसा चार दिवसांत होत नाही, टाकीत तो आठवडाभराच्या आळसाने होतो. उडालेल्या पाण्याची भर गोड्या पाण्यानेच घालायची असते. ‘समुद्राचा टँक आहे’ म्हणून त्यात पुन्हा खारे पाणी ओतणारे लोक नकळत लोणच्याची बरणी तयार करत असतात.

दुसरा मुद्दा ऑक्सिजनचा. खाऱ्या पाण्यात तो गोड्या पाण्यापेक्षा कमी विरघळतो आणि पाणी तापले की आणखी कमी. ३० अंश तापमानाला गोड्या पाण्यात लिटरमागे साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तर समुद्राच्या पाण्यात सहाच्या थोडा वर. म्हणजे आपल्या ४५ लिटरच्या टाकीत एकूण ऑक्सिजन २८० मिलिग्रॅमच्या घरात. त्यात मासे, कोळंबी, गोगलगायी आणि दगडांतले जिवाणू असे सगळे वाटेकरी.

तिसरा मुद्दा अमोनियाचा. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. दगडांवर आणि वाळूत वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग त्यामानाने निरुपद्रवी नायट्रेट करतात. हे जिवाणू स्थिरावायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्याआधी टाकलेला मासा स्वतःच्याच घाणीत गुदमरतो. गोड्या पाण्यात घाईची ही चूक काही वेळा खपून जाते. समुद्राच्या पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, आठच्या वर असल्याने तितक्याच अमोनियातला विषारी अंश सामू सातच्या पाण्यापेक्षा दहा पटींहून अधिक असतो. म्हणून इथे ती खपत नाही.

खिशाला परवडत असेल तर तीन फूट बाय दीड फूट बाय दीड फूट, म्हणजे १९० लिटरच्या टाकीत दोनच मासे ठेवणे हे दोन फुटी टाकीत तेच दोन मासे ठेवण्यापेक्षा कितीतरी सोपे आहे. पण फ्लॅटमधली जागा आणि जमिनीवर पडणारा भार पाहता बहुतेकांची मजल दोन फुटांपर्यंतच जाते. त्यामुळे पुढचा सगळा विचार त्याच टाकीचा. एक घनफुटाचा चौकोनी डबा किंवा काचेचा वाडगा मात्र खाऱ्या पाण्याच्या माशांसाठी विचारातही घेऊ नये.

मांडवीचे पाणी आणून चालेल?

वर्षातले काही महिने चालेल, काही महिने अजिबात नाही. पावसाळ्यात काजळी नदीचे गढूळ पाणी भाट्याच्या खाडीतून समुद्रात येते, किनाऱ्याजवळची क्षारता खाली जाते आणि गाळ तर डोळ्यांना दिसतोच. जून ते ऑक्टोबर किनाऱ्यावरचे पाणी टाकीत घालू नये. पाऊस सरल्यावर पाणी निवळते, तरी मिरकरवाडा बंदराजवळचे पाणी नकोच. होड्यांच्या इंजिनाचे तेल आणि मासळी धुतलेले पाणी त्यात मिसळलेले असते. स्वच्छ जागेचे पाणी भरतीच्या वेळी घ्यावे, कापडातून गाळावे, काही दिवस झाकून अंधारात ठेवावे आणि रिफ्रॅक्टोमीटरने क्षारता मोजूनच वापरावे.

पण ही कटकट खरोखर किती वाचवते? आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचे धरले तर साडेचार लिटर पाण्याला १६० ग्रॅम मीठ लागते. वर्षाचे आठ किलो. बाजारात मिळणारे मत्स्यालयाचे मीठ (स्वयंपाकाचे नव्हे, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरे समुद्राच्या प्रमाणात नसते) आरओच्या पाण्यात कालवले की पावसाळ्याची काळजीच मिटते. छोट्या टाकीचा एवढा एक फायदा निश्चित आहे. मीठ थोडे लागते, मग ते विकतच घ्यावे.

कातळावरच्या डबक्यातले मासे का नकोत?

उधाणाच्या ओहोटीला रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचा कातळ उघडा पडतो आणि त्याच्या खळग्यांत छोटे जग दिसू लागते. बोटभर लांबीचे पट्टेरी मासे, गोबी, शंखात बसलेले खेकडे. मुले बाटली घेऊन धावतात. मासे पकडणेही अवघड नसते.

मात्र डबक्यात दिसणारा मासा लहान आहे याचा अर्थ तो लहान जातीचा आहे असा नाही. अनेकदा ते पिल्लू असते. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा सार्जंट मेजर मासा वीतभर वाढतो आणि टाकीत दुसऱ्याला जगू देत नाही. तांबोशीचे किंवा गोब्र्याचे पिल्लू आज गोंडस दिसते, सहा महिन्यांनी ते शेजाऱ्याला गिळते. खाडीत सापडणारा ठिपक्यांचा स्कॅट तर दुकानांतही ‘छोटा मासा’ म्हणून मिळतो. तो फूटभर होतो आणि त्याला कळप लागतो. किनाऱ्याचे मासे आपल्यासोबत परजीवीही आणतात. समुद्राच्या अफाट पाण्यात ते विखुरलेले असतात, ४५ लिटरमध्ये त्यांना यजमान शोधावा लागत नाही.

आणि एक साधी गोष्ट. ज्याच्या घरापासून दहा मिनिटांवर ओहोटीला उघडी पडणारी डबकी आहेत, त्याने तेच मासे काचेत कोंडून काय मिळवायचे? अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची ओहोटीची वेळ बघून जावे, पाहावे, तिथेच सोडावे. मुलांचा हट्ट निम्मा तिथेच भागतो.

कायदा काय सांगतो?

इथे गाफील राहणे परवडणारे नाही. २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूचींमध्ये अनेक सागरी जीव घातले गेले. त्यात रीफ बांधणारे सर्व कठीण प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रघोडे आणि त्यांचे भाऊबंद पाइपफिश, समुद्रकाकड्या आणि काही मोठ्या शंखांच्या जाती आहेत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अनुसूचींची मांडणी बदलली, पण प्रवाळांचे संरक्षण कायम आहे. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांच्या बाबतीत गुन्हा सिद्ध झाला तर तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड अशी तरतूद आहे. रत्नागिरी आणि मालवणच्या किनाऱ्यावर प्रवाळ आढळतात. ‘एवढासा तुकडा तर उचलला’ हा बचाव होत नाही. मालवणला तर १९८७ पासून सागरी अभयारण्यच आहे.

हौशी लोकांची सर्वांत मोठी फसगत होते ती ‘लाइव्ह रॉक’ या गोंडस नावाखाली. हा दगड म्हणजे बहुतेक वेळा मेलेल्या प्रवाळाचा सांगाडा असतो आणि मेलेल्या प्रवाळालाही कायदा लागू होतो. त्याऐवजी भट्टीत भाजलेले सिरॅमिकचे सच्छिद्र दगड मिळतात. जिवाणूंना राहायला बारीक छिद्रे हवी असतात, त्यांना दगडाची वंशावळ नको असते. जिवाणू वाढायला थोडे जास्त दिवस लागतील, इतकेच. ‘रीफ टँक’ची हौस, म्हणजे प्रवाळांची बाग घरात फुलवण्याची कल्पना, रत्नागिरीतल्या दोन फुटी टाकीपुरती बाजूला ठेवणेच बरे.

माशांच्या बाबतीत चित्र धूसर आहे. २०१७ मध्ये केंद्र सरकारने शोभिवंत माशांच्या दुकानांसाठी नियम आणले होते आणि १५८ जातींच्या विक्रीवर बंधने घातली होती. विरोधानंतर ते मागे घेतले गेले. त्या नियमांत त्रुटी होत्याच, पण ते गेल्याने मासा कुठून आला हे विचारण्याचे ओझे पूर्णपणे ग्राहकावर येऊन पडले. ते ग्राहकाने उचललेच पाहिजे.

मासा जन्मला कुठे, याने काय फरक पडतो?

गोड्या पाण्याचे शोभिवंत मासे बहुतांश तळ्यांत, हौदांत पैदास केलेले असतात. समुद्रातल्या माशांचे तसे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाशी संलग्न संस्थेच्या २००३ च्या ‘फ्रॉम ओशन टू अ‍ॅक्वेरियम’ या अहवालानुसार जगात दर वर्षी २ ते २.४ कोटी सागरी शोभिवंत मासे विकले जात होते, जाती १,४७१ आणि जवळजवळ सगळे समुद्रातून पकडलेले. फिलिपिन्स आणि इंडोनेशियात हे मासे पकडायला सोडियम सायनाइड वापरण्याची प्रथा पडली. विषाने मासा गुंगतो, हाताने उचलता येतो आणि त्या फवाऱ्याखालचे प्रवाळ मरतात. असा मासा दुकानात ठणठणीत दिसतो आणि घरी आल्यावर काही आठवड्यांत विनाकारण मरतो. मालकाला वाटते, आपलेच काही चुकले.

मग हॅचरीत जन्मलेला मासा ओळखायचा कसा? अंडी घालण्याच्या पद्धतीवरून निम्मे उत्तर मिळते. काही मासे उघड्या पाण्यात बारीक अंडी सोडून मोकळे होतात. त्यांची पिल्ले इतकी सूक्ष्म असतात आणि इतके दिवस तरंगत राहतात की त्यांना काय भरवायचे हाच मोठा प्रश्न असतो. टँग, बटरफ्लाय आणि मोठे एंजलफिश या गटातले. दुसरे मासे दगडाला अंडी चिकटवून राखण करतात किंवा तोंडात सांभाळतात. त्यांची पिल्ले मोठी निघतात आणि माणसाच्या हातून वाढू शकतात. क्लाउनफिश, डॅमसेल, गोबी, कार्डिनल हे या दुसऱ्या गटातले. आपली यादी इथूनच काढायची.

क्लाउनफिशच का?

‘फाइंडिंग नेमो’ हा चित्रपट २००३ चा. त्याने या माशाला घराघरांत नेले आणि त्याचे नुकसानही केले. पण योगायोगाने छोट्या टाकीसाठी उत्तम मासा तोच निघतो. ऑसेलारिस जातीचा क्लाउनफिश पूर्ण वाढून आठ-नऊ सेंटीमीटरचा होतो. समुद्रातही तो आपल्या समुद्रफुलापासून फार दूर जात नाही, त्यामुळे दोन फुटांत त्याची कोंडी टँगसारखी होत नाही. तो दाणेदार खाद्य सहज खातो. नीट सांभाळला तर दहा वर्षांहून अधिक जगतो. (आणताना हे लक्षात ठेवावे. चौथीतल्या मुलाने हट्टाने आणलेला मासा तो इंजिनीअरिंगला जाईपर्यंत घरात असू शकतो.)

दक्षिणेत मंडपम आणि विळिंजम येथे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या पैदाशीचे तंत्र विकसित केले. महाराष्ट्रात कांदळवन प्रतिष्ठानने ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात शोभिवंत सागरी माशांची हॅचरी उभारली आहे. हॅचरीत जोडी कुंडीच्या किंवा फरशीच्या तुकड्यावर अंडी घालते, नर राखण करतो आणि आठवडाभराने रात्री पिल्ले बाहेर पडतात. त्यांना आधी रोटिफर हे सूक्ष्म जीव आणि मग आर्टेमिया भरवतात. अशा पिल्लाने जन्मापासून काच, पंप आणि माणसाची सावली पाहिलेली असते. घरच्या टाकीत ते बावरत नाही.

जोडीचीही गंमत आहे. क्लाउनफिश सगळे नर म्हणून वाढतात. दोघांमधला मोठा, वरचढ मासा पुढे मादी होतो. त्यामुळे दुकानात नर-मादी शोधत बसायचे कारण नाही. एक थोडा मोठा आणि एक थोडा लहान असे दोन पोरसवदा मासे एकाच वेळी सोडावेत, बाकीचे ते आपसांत ठरवतात. (चित्रपटात आई गेल्यावर बाबा मुलाला शोधत निघतात. प्रत्यक्षात तो बाबाच काही आठवड्यांत आई झाला असता. पण तो चित्रपट लहान मुलांचा होता.) तीन मात्र ठेवू नयेत, तिसऱ्याला मार खावा लागतो.

आणि समुद्रफूल? ते नको. क्लाउनफिशला टाकीत त्याची गरज नसते, कारण खाणारा शत्रूच तिथे नसतो. समुद्रफुलाला मात्र प्रखर प्रकाश आणि कित्येक महिने मुरलेली टाकी लागते. जागा आवडली नाही की ते सरकते, पंपाच्या जाळीत अडकते, चिरडते आणि एका रात्रीत ४५ लिटर पाणी नासवते.

या जोडीसोबत आणखी काय?

एखादी छोटी गोबी, फार तर. क्लाउनफिश आपली हद्द राखतो, म्हणून लाजाळू मासा आधी आणि क्लाउनफिशची जोडी नंतर, हा क्रम पाळावा. फायरफिश पाहायला सुंदर, पण घाबरला की उडी मारतो. सकाळी तो फरशीवर वाळलेला सापडू नये म्हणून टाकीवर बारीक जाळी हवीच. बांगाई कार्डिनल हा काळ्या-रुपेरी पट्ट्यांचा मासाही शांत आहे. नर अंडी तोंडात सांभाळतो, त्यामुळे हॅचरीत तो वाढवता येतो. इंडोनेशियातल्या छोट्या बेटसमूहापुरताच त्याचा अधिवास आहे आणि अतिपकडीने तो संकटग्रस्त यादीत गेला आहे. म्हणून हॅचरीतला असल्याची खात्री असेल तरच तो घ्यावा, नाहीतर नाही.

एकूण तीन मासे. चौथ्याला जागा नाही. दुकानदार ‘अजून दोन चालतील’ म्हणेल. त्याची टाकी रोज रिकामी होते आणि रोज भरते. तो जे करतो ते विक्रीसाठी.

स्वस्त म्हणून निळे डॅमसेल घ्यायचा मोह होतो. ते चिवट असतात हे खरे. काही जण तर टाकी तयार होतेय का हे पाहायला आधी डॅमसेल टाकतात, ते जगले तर पुढचे मासे आणतात. ही क्रूर आणि मूर्खपणाची पद्धत आहे. अमोनिया तपासायला थेंबांची टेस्ट किट मिळते, त्यासाठी जिवंत मासा जाळायची गरज नाही. शिवाय जगलेला डॅमसेल टाकीचा मालक होऊन बसतो आणि नंतर आलेल्या प्रत्येकाला चावतो.

दुकानात दिसले तरी काय घेऊ नये?

निळा टँग, म्हणजे चित्रपटातली ‘डोरी’. दुकानात तो रुपयाएवढा दिसतो, वाढून पाव मीटरच्या पुढे जातो आणि दिवसभर पोहत राहतो. त्याची हॅचरीत पैदास पहिल्यांदा २०१६ मध्ये अमेरिकेत जमली, बाजारातले मासे बहुतांश समुद्रातलेच. त्याला सहा फुटांची टाकी हवी.

मँडरिन मासा निवडणाऱ्याला दोष देता येत नाही, इतके सुंदर रंग क्वचितच कुठे असतील. पण तो दिवसभर दगडांवरचे सूक्ष्म कोपेपॉड टिपून जगतो. छोट्या टाकीतले कोपेपॉड थोड्याच दिवसांत संपतात, दाण्यांकडे तो सहसा ढुंकूनही पाहत नाही आणि हळूहळू उपाशी मरतो. क्लीनर रास हा मासा इतर माशांच्या अंगावरचे परजीवी खातो, तीन माशांवर त्याचे पोट भरत नाही. बटरफ्लाय माशांच्या कित्येक जाती प्रवाळावरच जगतात. यांतला कोणताही मासा मालकाच्या हलगर्जीपणाने मरत नाही, खरेदीच्या क्षणीच त्याचा निकाल लागलेला असतो. लायनफिशच्या काट्यांत विष असते आणि तोंडात मावेल ते सगळे तो खातो. समुद्रघोड्याबद्दल कायदा वर सांगितलाच. तो नसता तरी, ज्या प्राण्याला जठरच नाही आणि दिवसातून अनेकदा भरवावे लागते तो नोकरदाराच्या घरात जगणार कसा?

सफाई कामगारांचे काय?

शेवाळ खायला दोन-तीन गोगलगायी आणि उरलेले दाणे उचलायला दोन लहान हर्मिट क्रॅब, म्हणजे रिकाम्या शंखात बिऱ्हाड करणारे खेकडे, एवढे पुरे. खेकडा वाढला की मोठा शंख शोधतो, तो मिळाला नाही तर गोगलगायीला मारून तिचा घेतो. म्हणून चार रिकामे शंख तळाशी टाकून ठेवावेत. पांढऱ्या पट्ट्याची लाल क्लीनर कोळंबी टाकी दोन-तीन महिने मुरल्यावर आणता येते.

या सगळ्यांमुळे औषधाचा एक दरवाजा बंद होतो. अंगावर पांढरे ठिपके येणाऱ्या रोगावर तांब्याचे औषध चालते, पण तांबे कोळंबी, खेकडे, गोगलगायी यांना मारते. त्यामुळे नवा मासा थेट टाकीत न सोडता महिनाभर साध्या वेगळ्या टाकीत ठेवावा, औषध द्यायचे तर तिथेच द्यावे. ही वेगळी टाकी घ्यायला बहुतेक जण कंटाळतात. मात्र रोगाने सगळी टाकी रिकामी होण्याचे नेहमीचे कारण तेच असते.

रत्नागिरीचा उन्हाळा आणि गेलेली वीज?

या माशांना २५ ते २७ अंश पाणी मानवते. मे महिन्यात रत्नागिरीत घरातलेच तापमान ३२ च्या आसपास असते, त्यात पंप आणि दिवे पाणी आणखी तापवतात. पुण्या-नाशिककडचे हौशी लोक पाण्यावर छोटा पंखा लावतात आणि बाष्पीभवनाने दोन-तीन अंश कमी करतात. कोकणच्या दमट हवेत तो उपाय लंगडा पडतो, कारण हवेतच ओलावा भरलेला असताना पाणी उडणार किती? खोलीला एसी नसेल तर चिलरचा खर्च धरूनच हिशेब करावा. चिलर परवडत नसेल तर खाऱ्या पाण्याचा टँक परवडत नाही, असेच समजावे.

वीज हा त्याहून मोठा प्रश्न. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर मंडणगड, दापोली भागातील अनेक गावांत वीज परत यायला कित्येक दिवस लागले. तो अपवाद मानला तरी जोराच्या पावसात काही तास वीज जाणे कोकणात नवीन नाही. पंप थांबला की पृष्ठभाग हलत नाही आणि वरच्या २८० मिलिग्रॅममध्ये भर पडत नाही. तीन छोटे मासे असलेली टाकी बॅटरीवरच्या एअर पंपाने रात्र काढते. सहा मासे भरलेल्या टाकीला तो दिलासा नसतो. कमी मासे ठेवण्याचा आग्रह सौंदर्यासाठी नाही, या काही तासांसाठी आहे. घरात इन्व्हर्टर असेल तर टीव्हीच्या आधी पंपाची जोडणी त्यावर करावी.

खरेदी करताना काय पाहावे, कधी सुरू करावे?

मासा हॅचरीतला की समुद्रातला, हा पहिला प्रश्न. उत्तर ‘मुंबईहून आला’ असे असेल तर ते उत्तर नव्हे. दुकानात येऊन किमान आठवडा झाला असावा. आपल्यासमोर त्याला दाणे टाकायला सांगावेत आणि खाल्ले तरच पैसे द्यावेत. पोट आत गेलेला, भराभर श्वास घेणारा, कोपऱ्यात उभा मासा दया म्हणून घेऊ नये. दयेने घेतलेल्या माशाच्या जागी दुकानदार पुढच्या आठवड्यात तसाच दुसरा आणतो. शंका असेल तर विचारायला रत्नागिरीइतके सोयीचे शहर राज्यात क्वचितच असेल. झाडगावचे संशोधन केंद्र आणि शिरगावचे मत्स्य महाविद्यालय ही दोन्ही ठिकाणे इथेच आहेत. क्लाउनफिशची मागणी हौशी मंडळींनी एकत्र येऊन तिथपर्यंत नेली, तर समुद्रातून पकडलेल्या माशांवर अवलंबून राहण्याचे कारणच उरणार नाही.

हौस फिटली म्हणून मासे मांडवीला सोडून देण्याचा विचार मात्र करू नये. लायनफिश मूळचा हिंदी-प्रशांत महासागरातला. १९८५ मध्ये तो पहिल्यांदा अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर दिसला, बहुधा कुणाच्या तरी टाकीतून सुटलेला. आज कॅरिबियन समुद्रात त्याने स्थानिक माशांचा फडशा पाडला आहे. नको झालेला मासा दुकानदाराला किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्यावा. टाकीचे बदललेले पाणीही खाडीत न ओतता मोरीत ओतावे.

सुरुवातीला दिवाळीनंतरचा काळ चांगला. नोव्हेंबरात दगड, वाळू, खारे पाणी आणि पंप चालू करायचे, टाकी रिकामीच ठेवायची. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की डिसेंबरअखेर गोगलगायी. मासे तेव्हाच वेगळ्या टाकीत आणून ठेवायचे, जानेवारीत गोबी सोडायची, फेब्रुवारीत क्लाउनफिशची जोडी. मग मे महिना येतो. पाणी २८ अंशांच्या खाली ठेवता आले आणि जूनच्या पहिल्या वादळी रात्री एअर पंप वेळेवर चालू झाला, तर गणपतीच्या सुमारास एक क्लीनर कोळंबी आणायला हरकत नाही.